सातवी आज्ञा आणि विश्रामाची बाग

दरवर्षी १ सप्टेंबर उजाडला की आपल्या अनेक धर्मग्रामांत एक ठरलेला कार्यक्रम पार पडतो. मिस्सा संपते, चर्चच्या आवारात आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात धर्मगुरू एक रोप लावतात, धर्मशिक्षण वर्गाची मुले टाळ्या वाजवतात, छायाचित्र निघते आणि चहा घेऊन मंडळी घरोघर जातात. पुढल्या वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप येते, कारण आधीचे उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळून गेलेले असते. सृष्टीसंबंधीचे आपले कर्तव्य तेवढ्यापुरते संपते. त्या रोपाविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्या रोपाच्या आडोशाने आपण आपल्या विवेकबुद्धीला जी झोप मिळवून देतो, तिच्याविषयी मात्र आहे.

आपली मूळ चूक अशी, की निसर्गाचे रक्षण हे आपण दयेचे काम समजतो. झाडावर दया, चिमणीवर दया, नदीवर दया! दया करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. त्याने केली तर त्याचा मोठेपणा, न केली तर त्याला जाब विचारणारा कोणी नसतो. परंतु ज्याच्या घरातून आपण काही उचलून आणले आहे, त्याच्यावर दया करण्याची भाषा आपल्या तोंडी शोभते काय? त्याचे त्याला परत करणे एवढेच आपल्या हाती उरते. सृष्टीशी असलेले आपले नाते आधी न्यायाचे आहे, मग दयेचे. आणि न्यायाचा हिशेब पुरा होईपर्यंत दयेचे समारंभ हे ढोंगच ठरते.

हे माझ्या पदरचे तत्त्वज्ञान नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ उघडून पाहावा. सृष्टीचा आदर राखण्याचा विषय त्यात कोठे येतो? भक्तिमार्गाच्या प्रकरणात नाही, दयेच्या कृत्यांतही नाही. तो येतो सातव्या आज्ञेखाली, म्हणजे 'चोरी करू नकोस' या आज्ञेच्या विवेचनात, परिच्छेद २४१५ मध्ये. प्राणी, वनस्पती आणि निर्जीव वस्तू या मागच्या, आजच्या आणि पुढे येणाऱ्या सर्व मानवजातीच्या समान हितासाठी आहेत, असा त्याचा आशय आहे. त्याच्या आधी अवघ्या तीन परिच्छेदांवर, २४१२ मध्ये, चोरलेली वस्तू मूळ धन्याला परत करण्याचे बंधन सांगितले आहे आणि तेथे दाखला दिला आहे तो जक्कयाचा. प्रभू येशू घरी आला तेव्हा त्या जकातदाराने अश्रू ढाळून वेळ मारून नेली नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असा रोकडा हिशेब त्याने उभ्याउभ्या मांडला. तारण त्या घरी आले ते या हिशेबानंतर.

या दोन परिच्छेदांत फक्त तीन परिच्छेदांचे अंतर आहे. आपण मात्र ते जन्मभर ओलांडत नाही. शेजाऱ्याची कोंबडी चोरल्याचे पाप आपण पापनिवेदनात सांगू. शेजारच्या गावाचे पिण्याचे पाणी नासवल्याचे पाप कोणी सांगितल्याचे ऐकिवात आहे काय?

हा विषय हवेत राहू नये म्हणून तो सांगली परिसराच्या भूमीवर उतरवतो. विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्या मधले उपनगर. विलिंग्डन आणि वालचंद या महाविद्यालयांमुळे ते नाव महाराष्ट्रभर पोहोचलेले आहे. गावभागाच्या मानाने ही वस्ती नदीपासून दूर आणि काहीशी उंचावर आहे. कृष्णेचे संकट येथल्या माणसाला पुष्कळदा वर्तमानपत्रातूनच कळते. म्हणूनच येथे राहणाऱ्याने हा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावा, कारण ज्याच्या पायाला पाणी लागत नाही त्याला आपला हात स्वच्छ असल्याचा भास लवकर होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. ब्रह्मनाळला पुरातून सुटण्यासाठी निघालेल्या माणसांची बोट उलटली आणि स्त्रिया व मुलेही बुडाली. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढले. त्याआधी २००५ च्या पुराने हरिपूरची हळदीची पेवे नासवली. जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षे टिकवणारी ती पेवे म्हणजे निसर्गाने आपल्याला फुकट बांधून दिलेली कोठारेच होती.

प्रत्येक पुरानंतर आपल्याकडे एकच नाव गाजते : अलमट्टी. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा बेत आहे. त्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध आहे आणि नदीकाठच्या माणसाचे भय खोटे नाही. परंतु २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टीबरोबर नदीच्या पूरक्षेत्रातील बांधकामांकडे आणि अतिक्रमणांकडे तिने बोट दाखवले. हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही, हे मी जाणतो. तो वाद जलतज्ज्ञांनी सोडवावा. मला विचारायचे ते एवढेच, की अलमट्टीचे दरवाजे विजापूरच्या बाजूला असतील, पण नाल्यात भराव टाकून पाडलेले भूखंड कोणाच्या बाजूला आहेत? पूररेषेच्या आत बांधलेल्या इमारतींत सदनिका कोणी विकल्या आणि कोणी स्वस्त मिळाल्या म्हणून विकत घेतल्या? नदीला पसरण्यासाठी जी जागा लागते ती तिची आहे. वर्षातले साडेअकरा महिने ती वापरत नाही म्हणून ती बेवारस ठरत नाही. शेजारी परगावी गेला म्हणून त्याच्या अंगणात आपण भिंत घातली, तर त्याला आपण काय म्हणतो?

येथे एक भेद करावयास हवा. ज्याला दुसरीकडे कोठेच थारा नाही म्हणून जो नाल्याच्या काठी पत्रा ठोकून राहतो, तो चोर नाही. त्याच्या वाट्याला चोरीचा माल येत नाही, चोरीची शिक्षा येते. हिशेब मांडायचा तो ज्यांना निवड करता येत होती त्यांचा.

पुराच्या पाण्यात निदान दरारा असतो. उरलेल्या वर्षभर आपण कृष्णेला जे देतो त्यात तोही नाही. शेरी नाल्याचे नाव सांगलीत शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. शहराचे सांडपाणी त्या नाल्यातून कृष्णेत जात राहिले, दशके उलटली, निवडणुका झाल्या, योजना आल्या, आणि प्रश्न हटला नाही. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. आपण नाकाला रुमाल लावून पुलावरून पुढे गेलो. त्या माशांना पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या २०१५ सालच्या परिपत्रकाने एक स्थान दिले आहे : प्रत्येक जीवाला परमेश्वराच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, मग तो माणसाच्या उपयोगाचा असो वा नसो, ही त्यातली शिकवण आहे. तेव्हा ती नुसती मासळीची नासाडी नव्हती. तो परमेश्वराने चांगले म्हणून पाहिलेल्या वस्तूचा नाश होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आपल्याच बाकांवरून ऐकू येतो : ही सारी निसर्गपूजा झाली, ख्रिस्तसभेने आत्म्यांची काळजी घ्यावी, झाडांची नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी विचारीन, की झाड देव नाही म्हणून ते तुमचे झाले काय? तुमचे घड्याळही देव नाही, तरी मी ते उचलले तर चोरीच होते. सृष्टी पूजनीय नसल्यामुळेच ती कोणाची, हा प्रश्न अधिक टोकदार होतो. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे : जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता, असा त्याचा भावार्थ. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर मालक म्हणून त्याचे नाव आहे आणि आपण कुळे आहोत. कुळकायद्याने आपल्याकडे कुळे मालक झाली. या कुळवहिवाटीला मात्र तो कायदा लागू नाही.

दुसरा आक्षेप बाहेरचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात असे मांडले, की निसर्गाच्या आजच्या दुर्दशेचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वी अंकित करण्याची आणि जीवांवर सत्ता चालवण्याची जी आज्ञा आहे, तिने माणसाला निसर्गाचा निर्दय धनी बनवले, असा हा आरोप. आपण या आरोपाने रागावतो. रागावण्याचे कारण नाही, कारण तो अर्धा खरा आहे. त्या वचनाचा आधार घेऊन माणसांनी जंगले कापली, हा इतिहास आहे. व्हाइट यांनीच त्या लेखात असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून सुचवले, आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत फ्रान्सिसला तो मान खरोखरच दिला.

आरोपाचा उरलेला अर्धा भाग खोटा का, हे मात्र आपल्याला सांगता आले पाहिजे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणसाला बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी : तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. मूळ हिब्रूतील पहिल्या क्रियापदाचा अर्थ सेवा करणे असाही होतो. दुसरे क्रियापद तर विलक्षण आहे. दोनच अध्याय पुढे, हाबेलाचा खून करून उभा असलेला काइन जेव्हा परमेश्वरालाच उलट विचारतो, की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, तेव्हा त्याच्या तोंडी त्याच धातूपासून झालेला शब्द आहे. बागेची राखण आणि भावाची राखण यांना पवित्र शास्त्रात एकच शब्द आहे! आणि काइनाला शिक्षा कोणती मिळते? तू जमीन कसशील, पण ती तुला आपले सत्त्व देणार नाही.

ही शिक्षा पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळवा आणि पलीकडे शिरोळ या तालुक्यांत एके काळच्या सोन्यासारख्या काळ्या जमिनी आज क्षारपड होऊन पांढऱ्या पडलेल्या दिसतात. उसाची लागण, मग खोडवा, मग निडवा; पाटाने बेसुमार पाणी, पोत्यांनी खत; जमिनीला उसंत म्हणून नाही. पाण्याचा निचरा झाला नाही, क्षार वर आले आणि जमीन चोपण झाली. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जत आणि आटपाडीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पिण्याच्या पाण्याची वाट पाहिली. एका टोकाची जमीन पाण्याने मेली आणि दुसऱ्या टोकाची पाण्यावाचून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीच्या वाघिणींत भरून लातूरला नेले गेले. १२ एप्रिलला पहिल्या गाडीने ५ लाख लिटर पाणी पोहोचले. त्या गाडीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु जेथे माणसांना पाणी आगगाडीने पाजावे लागते, तेथे पाण्याची वाटणी आधी कोठे चुकली हे विचारणेही त्याच प्रेमाचा भाग आहे.

लेवीयाच्या त्याच अध्यायात सातव्या वर्षी जमीन पड ठेवण्याची आज्ञा आहे. माणसाला शब्बाथ, जनावराला शब्बाथ, तसा जमिनीलाही शब्बाथ. विश्रांती हा तेथे जमिनीचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. 'विश्रामबाग' हे नाव आपण पत्त्यावर रोज लिहितो. विश्राम आणि बाग, शब्बाथ आणि एदेन, अशी मानवाच्या सृष्टीशी असलेल्या नात्याची दोन्ही सूत्रे त्या एका नावात आहेत. ते लिहिणाऱ्या हाताने जमिनीला यांपैकी काय ठेवले?

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : एक झाड तोडले तर आम्ही दहा लावतो, हिशेब पुरा झाला. मिरज तालुक्यातील भोसे गावचा वटवृक्ष या हिशेबाला उत्तर देऊन गेला. यल्लम्मा मंदिराजवळचे ते झाड सुमारे ४०० वर्षांचे मानले जाई. पंढरीच्या वाटेवरचे वारकरी त्याच्या सावलीत टेकत. २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात ते जाणार होते. सांगली-मिरजेचे निसर्गप्रेमी आणि गावकरी उभे राहिले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले आणि झाड वाचले. सर्वांनी आनंद केला. परंतु रस्ता त्याच्या अंगावरून नाही तरी कुशीवरून गेलाच, आणि जून २०२२ मध्ये ते झाड कोसळले.

आता त्याच्या बदली दहा रोपे लावा, शंभर लावा. चारशे वर्षे कोठून आणाल? चोरलेले पैसे परत देता येतात, कारण एक रुपया दुसऱ्यासारखा असतो. चारशे वर्षांचे झाड, नामशेष झालेला मासा, चोपण झालेली जमीन यांना पर्यायी नाणे नाही. जक्कयालाही येथे चौपट देणे जमले नसते. यातून मला एकच निष्कर्ष काढता येतो : जे परत देता येत नाही, ते घेण्यापूर्वी माणसाने दहादा थांबले पाहिजे, आणि गरज सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यावर असले पाहिजे. आज ते ओझे झाडावर आहे. 'तुझा उपयोग काय ते सांग, नाही तर हो बाजूला', असे आपण झाडाला विचारतो आणि ते बोलत नाही म्हणून खटला निकाली काढतो.

चौथा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो : आपण मूठभर, सांगलीत आपल्या शब्दाला विचारतो कोण? संख्येचा हा बहाणा दोन उदाहरणांनी निकालात निघतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात बिल्डरांच्या दहशतीसमोर उभे राहून दाखवले. २०२४ साली ते गेले. वसईत जे हिरवे उरले आहे त्यावर त्या लढ्याची सही आहे. उलट केरळात इडुक्कीमध्ये आपण मूठभर नव्हतो, बलवान होतो. पश्चिम घाटाविषयीचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला आणि त्यानंतर त्याविरुद्ध जे आंदोलन पेटले त्याच्या अग्रभागी कॅथलिक धर्मगुरू आणि धर्माधिकारी होते. डोंगरातल्या शेतकऱ्याला जमीन जाण्याची भीती होती, ती समजू शकते. ती भीती शांत करून डोंगर वाचवण्याचा मार्ग शोधणे हे मेंढपाळाचे काम होते. तिला फुंकर घालणे नव्हे. २०१८ साली इडुक्कीत दरडी कोसळल्या, २०२४ साली वायनाडमध्ये. दरडींची कारणे अनेक असतात आणि मी कोणावर मृतांचा दोष ठेवत नाही. बळ असताना आपण ते कोणत्या पारड्यात टाकले, एवढेच लक्षात ठेवावे. अल्पसंख्य असणे ही अडचण नव्हे आणि बहुसंख्य असणे हा गुण नव्हे.

आणि मार्गदर्शन केवळ ख्रिस्ती माणसाकडूनच मिळते असे नाही. या जिल्ह्यातच येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या दुष्काळी शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा धरण उभारायला घेतले. ठेकेदार नदीतली वाळू बेसुमार उपसत होते. गावकऱ्यांनी तो उपसा अडवला आणि नदीला झेपेल एवढीच वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा मिळावा, असा त्या चळवळीचा आग्रह होता. नदीकडून किती घ्यायचे आणि घेतलेले कोणाकोणात वाटायचे, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र सोडवायला घेतले. सातव्या आज्ञेचे याहून चांगले भाष्य मला ठाऊक नाही.

तर मग आपण काय करावे? पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली सृष्टीच्या काळजीला दयेच्या कृत्यांत स्थान द्यावे असे सुचवले. २०१९ च्या अॅमेझॉन धर्मपरिषदेने पर्यावरणविषयक पापाची व्याख्या केली. मला दुसरी गोष्ट आधी हवी. पापनिवेदनापूर्वी विवेकबुद्धीचा तपास करताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत : मी कोणाचे घेतले? कोणाला परत देणार? किती? केव्हा? ज्याने पूररेषेत बांधले, त्याने निदान पुढचा भराव थांबवावा आणि पूरग्रस्ताच्या निवाऱ्याला आपला वाटा द्यावा. ज्याच्याकडे जमीन आहे, त्याने एखादा हंगाम तिला उसंत द्यावी, ताग-धैंचा गाडावा, ठिबकने पाणी द्यावे. ज्याच्या कारखान्याचे वा घराचे सांडपाणी नाल्यात जाते, त्याने ते कोठे जाते हे आधी स्वतः जाऊन पाहावे. ज्या धर्मग्रामाला आवार आहे, त्याने छपरावरचे पाणी जमिनीत मुरवावे, आणि नव्या सभागृहासाठी झाड तोडण्यापूर्वी सभागृहाचा नकाशा बदलून पाहावा. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला शेरी नाल्याविषयी विचारावे. उत्तर ऐकून घ्यावे आणि पाच वर्षांनी आठवण ठेवावी.

आणि रोप लावावे की नाही? अवश्य लावावे. परंतु लावणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि पुढल्या १ सप्टेंबरला मिस्सेनंतर ती वही उघडावी. रोप जगले असेल तर परमेश्वराचे आभार मानावेत. वाळले असेल, तर त्या वर्षी नवे लावण्याआधी, छायाचित्रकार येण्याआधी, ते वाळले कसे याचा जाब साऱ्या धर्मग्रामासमोर त्याच नावाने द्यावा. जक्कयाने आपला हिशेब बंद दाराआड मांडला नव्हता.